ड्रमनाकिलची पेटी

ड्रमनाकिल,
१७ ऑक्टोबर

प्रिय मॅलकी,

रविवारी फोनवर तू मला म्हणालास, "त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही, अट्टी," आणि फोन आपटलास. पत्र काही आपटून बंद करता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते दोन दिवस तसंच ठेवून दिलं असशील आणि "उघड की एकदाचं" असं ऊनानं चारदा म्हटल्यावर उघडलं असशील. माझा भाऊ आहेस, तुला मी ओळखत नाही होय? आता उघडलंच आहेस तर चहा करून घे, खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठलास तर तुला आईची शपथ आहे.

बार्टली केव्हनी चालला आहे. रविवारी तेवढंच सांगायचं होतं, पण तू बोलू दिलं नाहीस. त्याच्या फुप्फुसात काही उरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे, फार तर तीन. त्याच्या पुतणीनं त्याचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवला आहे. तिथून रस्ता दिसतो, आणि प्रत्येक गाडीला तो मान वर करून विचारतो, "मॅलकीची का गं?" सप्टेंबरात त्यानं तुला कार्ड पाठवलं, ते तू न उघडता परत केलंस. पोस्टमननं ते माझ्या हातात आणून दिलं, बार्टलीच्या हातात द्यायला त्याचा जीव धजावेना. मी बार्टलीला म्हटलं, हल्ली पोस्टाचं काही खरं नाही, गहाळ झालं असेल. तर म्हणतो कसा, "तीस वर्षं त्या पोस्टाच्या खिडकीत काढलीस आणि खोटं बोलायला तुला पोस्टच सापडलं होय?" खोकत खोकत हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.

तू यायला हवंस. हे पत्र त्यासाठीच आहे. पण नुसतं 'ये' म्हटलं तर तू येणार नाहीस हे मला कळतं, म्हणून सगळं सांगणार आहे. मला जरा वेळ दे. सरळ मुद्द्यावर यायची सवय मला पूर्वी होती, आता मुद्दा जवळ आला की माझे पाय अडखळतात.

गावचं म्हणशील तर गाव आहे तसंच आहे. पोस्ट बंद झालं, ते तुला कुणी ना कुणी कळवलंच असेल. शाळेत एकोणीस मुलं उरली आहेत आणि बाईंना बदली हवी आहे. तू बांधून घेतलेल्या पुलाला लोक अजून मॅलकीचा पूलच म्हणतात. सरकारनं त्याला कुठल्याशा बिशपचं नाव दिलंय, ते फक्त पाटीला माहीत. आपला फुटबॉलचा संघ यंदाही पहिल्याच फेरीत हरला आणि त्याचा दोष यंदाही पंचालाच गेला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आता खासदार झालेली क्लोडा फीनी दर महिन्याला येते, शाळेच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकते. मुलगी वाईट नाही रे. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या दारात येऊन नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "मिस डर्कन, मला तुमच्याकडे बघायचं धाडस होत नाही." मी तिला चहा दिला. धाडस कुणाला होत नव्हतं ते तिला कुठे ठाऊक होतं?

एकोणीस वर्षं तू खासदार होतास. एकोणीस वर्षं दर शनिवारी तुझे मतदार आपल्या स्वयंपाकघरात बसले. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाच्या शेतात गटाराचं पाणी शिरलंय, कुणाला पासपोर्ट हवाय, तोही मंगळवारच्या आत. तू टेबलापाशी, मी चुलीपाशी, आणि बार्टली दारात बसून, कोण आधी आलं आणि कोण घुसलं याचा न्याय करायचा. ओ'हारांच्या म्हातारीला तो म्हणाला होता, "काकू, तुम्ही गेल्या शनिवारीही हाच दात दुखत म्हणून आला होतात, खासदार दात काढत नाही." आणि ती म्हणाली, "मग मत कशाला देते रे मी त्याला?" त्या दिवशी तू खुर्चीतून पडायचा बाकी होतास. तू असा हसायचास, ते मी विसरले नाही.

आणि मयतं. कुणाची आई गेली, कुणाचा चुलत सासरा गेला, सगळ्यांची नावं पोस्टाच्या खिडकीत माझ्याकडे आधी यायची आणि माझ्याकडून तुझ्या डायरीत जायची. तू डब्लिनहून तीन तास गाडी हाकत यायचास, रांगेत उभा राहायचास, हात हातात घेऊन म्हणायचास, "तुमच्या दुःखात सहभागी आहे," आणि ताटातलं हॅमचं सँडविच न खाता पुढच्या मयताला निघायचास. बार्टली म्हणायचा, आपल्याकडे माणूस मेल्यावरच त्याला आपला खासदार धड भेटतो. पण त्या हात मिळवण्यानंच मतं टिकतात, हे तुला मीच शिकवलं. मीच शिकवलं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

आता निवडणुकीचं. तुला काय सांगायचं, तू त्यावर जगलास, पण मला नीट लावून सांगू दे, नाहीतर धागा सुटेल. आपल्या मतदारसंघाला चार खासदार, आणि आपल्या पक्षाचे उमेदवार दोन: तू आणि क्लोडा. दर वेळी कन्सेप्टा गॉगन बार्टलीला विचारायची, "दोघं आपलेच ना रे, मग दोघांना एक-एक नंबर दिला तर?" आणि बार्टली दर वेळी तिच्या टेबलावर बटाटे मांडून दाखवायचा. "काकू, नंबर एक एकालाच. दुसऱ्याला दोन. एक नंबरवाला बाहेर फेकला गेला, किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त मिळाली, की मग तुमचं मत उठून दोन नंबरकडे जातं. मत वाया जात नाही, बटाटा नुसता या टोपलीतून त्या टोपलीत." आणि ती म्हणायची, "म्हणजे पहिली टोपली भरायची की दुसरी?" सगळं राजकारण त्या म्हातारीच्या प्रश्नात होतं. कुणाची टोपली भरायची? एकाचीच भरली तर दुसरा उपाशी, आणि दोघांत सारखी वाटायला गेलं आणि हिशोब चुकला तर घरचाच माणूस बाहेर. म्हणून आपण नकाशा काढायचो. नदीच्या या बाजूनं मॅलकीला एक, क्लोडाला दोन. त्या बाजूनं उलट. आणि लोक ऐकायचे! जगात कुठे लोक असं ऐकतात मला माहीत नाही. ड्रमनाकिल तर तुझं स्वतःचं गाव. आपल्या शाळेच्या पेटीत तीनशे मतं पडली, तर त्यातली दोनशे चाळीस तुझी, हा नियम होता.

मतमोजणीचा तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. क्रीडासंकुलात ओले कोट आणि व्हिनेगर लावलेल्या चिप्सचा वास. पेट्या एकेक करून टेबलावर उपड्या होत होत्या, आणि कठड्याच्या अलीकडून बार्टली ओणवा होऊन, पेन्सिल हातात, प्रत्येक उलगडलेल्या कागदावरचा एक आकडा कुणापुढे आहे ते टिपत होता. तीस वर्षं तो हे करत होता, त्याचं एक मतही कधी चुकलं नाही. सरकारी माणसं आकडा सांगायच्या आधी सहा तास बार्टली सांगायचा आणि तोच खरा निघायचा. मग आपल्या शाळेची पेटी आली. तू हसत पुढे आलास. "घरची आली," म्हणालास. कागद उलगडायला लागले. क्लोडा, क्लोडा, मॅलकी, क्लोडा, क्लोडा. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तीनशे अठरा कागद. तुला शहाण्णव. तिला एकशे एकाहत्तर.

पुढचं सगळं तुला पाठ आहे. संध्याकाळी सातव्या फेरीनंतर जागा दोन उरल्या आणि माणसं तीन: ट्रॅक्टर विकणारा अपक्ष टर्लक मोरन, क्लोडा आणि तू. सगळ्यात खाली असलेला बाहेर. तू क्लोडाच्या एक्केचाळीस मतांनी खाली होतास. फेरमोजणीत पुन्हा एक्केचाळीस. मग तुझी मतं उचलून वाटली आणि तुझ्याच मतांवर ती निवडून आली. तिच्या लोकांनी तिला खांद्यावर घेतलं, तेव्हा ती रडत तुझ्याकडे बघत होती. तू तिकडे बघितलं नाहीस. तू बार्टलीकडे गेलास आणि विचारलंस, "माझ्या पेटीत काय झालं?" सगळं क्रीडासंकुल ऐकत होतं. बार्टली म्हणाला, "माझी चूक मॅलकी. मला वाटलं तू तरलास, पोरगी बुडतेय. मीच गावाला सांगितलं, पोरीला एक द्या." तू त्याच्या हातातली पेन्सिल घेतलीस, मोडलीस आणि त्याच्या पायाशी टाकलीस. मी चार पावलांवर उभी होते.

त्यानंतर तू ऊनाच्या माहेरच्या गावी वेक्सफर्डला गेलास, देशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, आणि चार वर्षांत ड्रमनाकिलच्या हद्दीत पाय ठेवला नाहीस. आईच्या वर्षश्राद्धाच्या चर्चमधल्या मिस्सेलाही नाही. आणि इकडे बार्टलीनं काय काय सोसलं ते तुला कुणी सांगितलं नाही. पक्षानं त्याला समितीतून काढलं. पबमध्ये तो शिरला की लोक घड्याळ बघायला लागायचे. कुणी तरी त्याच्या फाटकाला मोडक्या पेन्सिलींची जुडी बांधली होती. त्यानं ती सोडवली, टोकं काढली आणि शाळेत नेऊन दिली. कुणाला एक शब्द उलटून बोलला नाही. मेंढ्या, कुत्रा, आणि रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर. त्या बाकावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, तर म्हणाला, "इथे नको बसू अट्टी, लोकांना वाटेल तूही त्यात होतीस."

आता ऐक. बार्टलीनं गावाला काही सांगितलं नाही. दारोदार मी गेले.

मतदानाच्या आधीचे तीन दिवस, मंगळवार, बुधवार, गुरुवार. तू साठ मैलांवर किनाऱ्याकडच्या गावांत फिरत होतास. बार्टली त्याच्या मेंढ्यांच्या वासाच्या गाडीत बसून राहायचा, गुडघ्यामुळे त्याला पायऱ्या होत नव्हत्या, आणि दारात मी जायचे. बावन्न घरं. "मॅलकी तरलाय, आता पोरीला हात द्या. तिला एक, त्याला दोन." कन्सेप्टा गॉगन म्हणाली, "अगं पण आमचा मॅलकी!" मी म्हटलं, "काकू, सख्खी बहीण सांगतेय." त्यावर कोण काय बोलणार? त्यांनी तुला टाकलं नाही रे. तुझ्यावर त्यांचा एवढा भरवसा होता की तू हरू शकतोस हे त्यांना खरंच वाटत नव्हतं, आणि तुझ्या बहिणीनं सांगितलं म्हणून त्यांनी हात आवरून एक आकडा दुसरीकडे लिहिला. निकाल लागल्यावर कन्सेप्टा आठ दिवस अंथरुणातून उठली नाही. चार वर्षांत तू बावन्न घरांतल्या एका जरी घराला फोन केला असतास तरी तुला हे कळलं असतं. तू केला नाहीस, आणि गावानं आपणहून सांगितलं नाही. त्यांना वाटलं बहीण-भावातलं आहे, आपण कशाला तोंड घाला. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं तर ड्रमनाकिलनं. आणि मी त्यांच्यापेक्षा घट्ट धरली.

तू म्हणशील, चूक झाली असेल, अट्टीचा अंदाज हुकला असेल. निम्म्या पक्षाचा हुकला होता. डब्लिनहून फोन आलाच होता की क्लोडा अडचणीत आहे, गरज वाटली तर मॅलकीची एक-दोन गावं तिच्याकडे वळवा. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे. आपला माणूस तरलाय असं सगळ्यांना एकदम वाटतं, सगळे मिळून दुसऱ्याला वाचवायला धावतात, आणि आपलाच बुडतो. असं आपल्या पक्षात दर दहा वर्षांनी कुणाचं ना कुणाचं होतं. मीही चार वर्षं स्वतःला हेच सांगितलं. अंदाज हुकला, अंदाज हुकला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बार्टली घरी आला. टेबलावर माझी वही होती, घराघराची खूण केलेली, मागच्या तीन निवडणुकांचे पेटीवार आकडे लिहिलेली. तिला तू माझं बायबल म्हणायचास. त्यानं चष्मा लावला आणि ती पहिल्या पानापासून वाचली. मी चुलीकडे तोंड करून उभी होते. शेवटच्या पानावर सोमवारची बेरीज होती, मी दारोदार निघायच्या आदल्या दिवसाची. मंगळवारी सकाळी गाडी सुरू करण्याआधी त्यानं मला विचारलं होतं, "आकडे बघितलेस ना गं नीट?" आणि मी म्हटलं होतं, "बघितले." त्यानं ती बेरीज वाचली. वही मिटली, चुलीचं झाकण उचललं आणि वही आत घातली. बराच वेळ जळत होती, पुठ्ठा जाड होता. मग म्हणाला, "चहा टाक." चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मला एक पुतणी आहे, एक कुत्रा आहे. तुला तो एकच भाऊ आहे. यावर पुन्हा बोलायचं नाही. शपथ घे." मी घेतली. आज मोडते आहे.

त्या बेरजेत काय होतं ते सांगते. तू तरला नव्हतास. मोरन तुझी नदीअलीकडची मतं खात होता, क्लोडापेक्षा तू खाली होतास, आणि तुला वाचवायला ड्रमनाकिलचं एकेक मत लागणार होतं. हे सगळ्या मतदारसंघात फक्त मला माहीत होतं. माहीत असून मी बावन्न दारं वाजवली. मतदानाच्या आधीच्या जानेवारीत, तेवीस तारखेला, मी सकाळच्या बसनं एकटी गॉलवेच्या इस्पितळात गेले होते. छातीत गाठ लागली होती, तपासायला तिचा तुकडा काढायचा होता. त्या दिवशी तू इथून चाळीस मैलांवर कुणाच्या तरी सासूच्या मयताला होतास, जिला तू जन्मात पाहिलं नव्हतंस. ते मयत तुझ्या डायरीत मीच लिहिलं होतं. संध्याकाळी तुझा फोन आला. मला वाटलं आवाजावरून तुला कळेल. तू विचारलंस, उद्या कोण आहे? मी नावं सांगितली. तू म्हणालास, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," आणि ठेवून दिलास. गाठ साधी निघाली. पण कळायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत दोन शनिवार आले, आणि दोन्ही शनिवारी मी तुझ्या मतदारांना चहा दिला. मी तुला सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला न सांगता यायला हवा होतास. एकदा तरी. आणि मग सोमवारी ती बेरीज झाली, आणि माझ्या मनात आलं, हा हरला तर घरी येईल. एखाद्या शनिवारी काही काम नसताना येऊन बसेल, जसे सगळ्यांचे भाऊ येतात. तू हरलास आणि मला भाऊच उरला नाही. करावं तसं भरावं. मला त्याची तक्रार नाही.

पण भरलं ते बार्टलीनं, आणि म्हणून हे पत्र. काल मी त्याच्यापाशी बसले होते. दम लागत होता, तरी त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "मॅलकी आला तर तू खोलीतून बाहेर जा हं. मी त्याची माफी मागणार आहे. मरणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, तो करेल माफ. मग ते सगळं माझ्याबरोबर जाईल, आणि तो तुझ्याकडे पुन्हा येऊ लागेल." हे त्यानं ठरवून ठेवलंय, मॅलकी. त्यासाठी तो खिडकीतून रस्त्याकडे बघतोय. चार वर्षं मी माझं ओझं त्याच्या खांद्यावर टाकून निवांत झोपले, पण हे मला सोसवत नाही. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या दारावरून गाडी सरळ पुढे ने, मी पडद्याआडूनही बघणार नाही. मला माफ कर असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून बघ. फक्त पत्र संपल्याबरोबर नीघ. तू खोलीत शिरलास की तो उठून बसायची धडपड करेल आणि माफी मागायला तोंड उघडेल. त्याला ते वाक्य पुरं करू देऊ नकोस. त्याच्याआधी तू माग.

तुझीच, तू म्हणशील तर,
अट्रॅक्टा